विमानविद्या : शिष्यवृत्ती की कर्ज?

कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या परिसरातील शेतकऱ्याला विमान ही नवलाईची वस्तू राहिली नाही. उसाच्या फडावरून उतरणारे विमान आता तेथे मान वर न करताही ओळखले जाते. परंतु डोक्यावरून विमान जाणे वेगळे आणि ते घडविण्याची विद्या घरात येणे वेगळे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या काही मुलामुलींना ही दुसरी गोष्ट साधावयाची असते. त्यांची बुद्धी कमी पडते असे नाही. पदवीनंतरच्या दोन वर्षांचा खर्च कोणी करावयाचा, या पहिल्याच प्रश्नावर त्यांचे पाऊल अडते.

हा प्रश्न वरवर पाहता मूठभर विद्यार्थ्यांचा वाटेल. वस्तुतः तो त्याहून मोठा आहे. उच्चशिक्षणाचा खर्च कोणत्या स्वरूपात उभा केला जातो, यावर त्या शिक्षणाचा लाभ शेवटी कोणाला होतो हे ठरत असते. शिष्यवृत्तीवर शिकलेला अभियंता आणि कर्जावर शिकलेला अभियंता यांची गुणपत्रिका एकसारखी असू शकेल. परंतु पदवी हाती पडल्यानंतर दोघांपुढे खुले असलेले मार्ग एकसारखे नसतात. विमानविद्येच्या बाबतीत हा भेद विशेष ठळकपणे दिसतो.

जिल्ह्याचा संबंध काय?

नगर जिल्ह्याचा आणि या विद्येचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था याच जिल्ह्यात आहे. लष्करी वाहनांसाठी ती प्रसिद्ध असली, तरी ‘निशांत’ या चालकरहित विमानासाठी लागणारे वॅन्केल जातीचे फिरते इंजिन देशात तयार करण्याच्या कामात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर तिचा वाटा होता. ते इंजिन बसविलेले ‘निशांत’ मार्च २००९ मध्ये कोलार येथे उडाले. उत्तरेकडे नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे. ज्या मिग-२१ विमानांसाठी तो उभारला गेला, ती विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. पुढील महिन्यात, १७ ऑक्टोबर रोजी, त्याच ओझरला ‘तेजस मार्क १ ए’ या देशी विमानाची नवी उत्पादनसाखळी सुरू झाली.

या घटनांची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तेजसच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा, सुमारे ६२ हजार ३७० कोटी रुपयांचा करार झाला. परंतु या विमानांचे इंजिन अमेरिकन आहे. पहिल्या करारासाठी मागविलेल्या इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि तोवर विमाने रखडली. सांगाडा आपला आणि प्राण परक्याचा, अशी ही अवस्था आहे. प्रचालन, उष्णतारोधक धातू, वायुगतिकी या विषयांत खोलवर शिकलेली माणसे पुरेशा संख्येने असल्याखेरीज ती पालटणार नाही. अशी माणसे पदवीच्या पातळीवर तयार होत नाहीत. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनच लागते.

देशातील वाट

या शिक्षणाची सर्वांत स्वस्त आणि प्रतिष्ठित वाट देशातच आहे, ही गोष्ट जिल्ह्यातील अनेक पालकांना ठाऊक नसते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था. तिरुअनंतपुरमची अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. आणि अगदी जवळ, पुण्याच्या गिरीनगर येथील प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्था, अशी ही यादी आहे. तेथे प्रवेशाची किल्ली म्हणजे ‘गेट’ परीक्षा. वैमानिकी अभियांत्रिकीचीच पदवी हवी अशी सर्वत्र सक्ती नाही. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही अनेक शाखांत प्रवेश मिळू शकतो. २०२१ पासून एकाच वर्षी दोन विषयांच्या प्रश्नपत्रिका देण्याची मुभा आहे आणि मिळालेले गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. संगमनेर, लोणी किंवा कोपरगाव येथे यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाला ही दारे बंद नाहीत, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे.

गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन मिळते, व त्याबदल्यात त्याला आठवड्यातून काही तास अध्यापनसाहाय्य करावे लागते. मुंबईच्या संस्थेत संशोधन साहाय्यक म्हणून तीन वर्षांत हाच अभ्यासक्रम पूर्ण करण्याचीही सोय आहे. मुलींसाठी संरक्षण संशोधन संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत वैमानिकी व तत्सम शाखांच्या दहा पदव्युत्तर विद्यार्थिनींना वर्षाला कमाल १ लाख ८६ हजार रुपये देण्याची तरतूद होती. पुढे डॉक्टरेटकडे वळणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये आहे, तर २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत प्रारंभीची रक्कम दरमहा ७० हजार रुपये ठेवण्यात आली.

मात्र या आकड्यांतच धोरणाची एक विसंगती दडलेली आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०१४ मध्ये २५ हजार झाली, २०१९ मध्ये ३१ हजार आणि २०२३ मध्ये ३७ हजार. पदव्युत्तर अभियांत्रिकीचे विद्यावेतन दहा वर्षांपूर्वी ८ हजारांवरून १२ हजार ४०० झाले. पण वरच्या पायरीवरील रक्कम त्यानंतर दोनदा वाढली असता खालच्या पायरीवरील रक्कम तेथेच थांबली. या काळात खाणावळीचा, पुस्तकांचा आणि मोठ्या शहरातील राहणीचा खर्च थांबून राहिला नाही. ज्या पदवीधराला पुणे-चाकणच्या कारखान्यात पहिल्याच वर्षी याहून अधिक पगार मिळतो, त्याच्या दृष्टीने दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे घरी पाठवावयाच्या दोन वर्षांच्या पैशावर पाणी सोडणे होय. सुखवस्तू घराला ही किंमत जाणवत नाही; धाकट्या भावंडांचे शिक्षण ज्याच्यावर अवलंबून आहे अशा मुलाला ती जाणवते. अर्थशास्त्रात जिला संधिव्यय म्हणतात, ती ही किंमत. ती शुल्काच्या पावतीवर छापलेली नसते; पण निर्णय बहुधा तीच घेते.

परदेशाचा हिशेब

गेटमध्ये यश आले नाही, किंवा आले तरी इच्छित शाखा मिळाली नाही, की दृष्टी परदेशाकडे वळते. तेथे शुल्क, राहणे, विमा, प्रवास मिळून काही दशलक्ष रुपयांचा व्यवहार असतो आणि तो बहुतेक घरांत कर्जावरच उभा राहतो. उदाहरणादाखल ३० लाख रुपयांचे कर्ज धरू. व्याज दरसाल दर शेकडा ११ आणि फेड दहा वर्षांत, असे गृहीत धरले, तर मासिक हप्ता सुमारे ४१ हजार ३०० रुपये बसतो. शिक्षणाच्या काळात साचणारे व्याज यात मिळविलेले नाही. ते सोडूनही एकूण फेड साडेएकोणपन्नास लाखांच्या घरात जाते.

हा हप्ता नगर जिल्ह्याच्या मापाने मोजून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३ हजार ५५० रुपये ठरला. वर्षाचे बारा हप्ते म्हणजे जवळजवळ ४ लाख ९६ हजार रुपये, अर्थात सुमारे १४० टन उसाची किंमत. एकरी ४० टन उतारा धरला, तर साडेतीन एकर उसाचे संपूर्ण उत्पन्न, तेही तोडणी-वाहतूक, खते, पाणीपट्टी व मजुरी यांपैकी एक पैसाही वजा न करता, दहा वर्षे बँकेत भरावे लागेल. मुलाला तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही, हे खरे. पण नोकरी लागली तर. या दोन शब्दांवर सर्व डोलारा उभा असतो.

आणि नेमके याच ठिकाणी विमानविद्या इतर शाखांहून वेगळी ठरते. संगणकशास्त्र शिकलेल्याला जगाचा बाजार बराच खुला असतो. विमान आणि अग्निबाण यांची विद्या ही युद्धविद्येची सख्खी बहीण. अमेरिकेत संरक्षणविषयक तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर कडक निर्बंध आहेत, आणि त्या नियमांच्या दृष्टीने परक्या नागरिकाला आराखडा दाखविणे हीसुद्धा निर्यातच ठरते. साहजिकच अग्निबाण व लढाऊ विमाने यांच्या कंपन्यांतील बहुसंख्य जागा तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. पदवीनंतर प्रथम एक वर्ष व विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना पुढे दोन वर्षे काम करण्याची परवानगी मिळते खरी. पण ज्या कामासाठी शिक्षण घेतले, त्याच कामाचे दार बंद असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा ही अनिश्चितता आणखी वाढली. परिणाम असा की वैमानिकीची महागडी पदवी घेतलेले कित्येक तरुण शेवटी मोटार, वीजनिर्मिती वा संगणक क्षेत्रात काम शोधतात. त्यात कमीपणा नाही. परंतु तेवढ्यासाठी वैमानिकीचे कर्ज काढावयाचे होते काय, हा प्रश्न उरतोच.

युरोपचे चित्र थोडे निराळे आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही अथवा नाममात्र आहे. तथापि सर्वत्र तसे राहिलेले नाही. ज्या राज्यात स्टुटगार्टचे विद्यापीठ आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १ हजार ५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्राला ४ ते ६ हजार युरो शुल्क लावले. शिवाय प्रवेशपरवाना मिळण्यापूर्वी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठविलेल्या खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११ हजार ९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये आहे. तात्पर्य, निःशुल्क शिक्षणालाही प्रवेशद्वारावर बारा लाखांची रोख लागते.

शिष्यवृत्त्या आणि क्रमवारीची अट

शिष्यवृत्त्या नाहीत असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. इतर मागासवर्गीय व भटक्या जमातींसाठी, तसेच ‘सारथी’मार्फत मराठा-कुणबी समाजासाठी, अशाच प्रकारच्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असतात. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापन केलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. परंतु या सर्व जागा वैद्यकापासून विधीपर्यंत सर्वच शाखांत वाटल्या जातात. वैमानिकीच्या वाट्याला त्यांतून किती येणार?

त्याहून मोठी अडचण अटींत आहे. राज्याच्या योजनांनी विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील एकंदर स्थान पहिल्या दोनशेंत असावे, असा दंडक घातलेला आहे. हेतू चांगला, दुय्यम संस्थांवर सरकारी पैसा उधळला जाऊ नये. पण एकंदर क्रमवारी ही सर्व विद्याशाखांची सरासरी असते. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड ही विमानविद्येची नामांकित संस्था केवळ पदव्युत्तर शिक्षण देते, आणि म्हणून एकंदर क्रमवारीत तिला स्थानच नसते. स्टुटगार्टची वैमानिकी शाखा जगभर मान्यता पावलेली असली, तरी ते विद्यापीठ एकंदर क्रमवारीत दोनशेच्या बाहेर राहत आले आहे. म्हणजे विषयात उत्तम असलेली आणि तुलनेने स्वस्त असलेली संस्था नियमात बसत नाही. आणि जेथे विषयाची शाखा सामान्य असेल असे महागडे विद्यापीठ मात्र बसते. विषयवार क्रमवारी ग्राह्य धरण्याची एक ओळ नियमात घातली, तर एक पैसाही अधिक न खर्चता ही विसंगती दूर होईल.

जमीन आहे, पण तारण नाही

शिष्यवृत्ती नाही मिळाली की बँक. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेचे तारण मागितले जात नाही. त्यापुढे ते द्यावे लागते. काही निवडक परदेशी विद्यापीठांपुरती बँका ही अट सैल करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने देशातील ८६० दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्जाची सोय केली आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत दिली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु परदेशी शिक्षणाला ते लागू नाही.

शहरातील नोकरदाराकडे सदनिका असते. ती तारण चालते. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याकडे सदनिकेहून अधिक किमतीची जमीन असूनही शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा तयार नसतात. याला बँक अधिकाऱ्यांचा हटवादीपणा हे कारण नाही. २००२ च्या ज्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर तारण जप्त करण्याचा अधिकार दिला, त्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शिवाय १९४८ च्या कूळकायद्यान्वये शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येत नाही. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून उभारलेले हे संरक्षण योग्यच आहे. ते काढून टाका असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला आहे की त्याच जमिनीवर पीककर्ज मिळते आणि त्या शेतकऱ्याच्या मुलीच्या शिक्षणाला मात्र ती उपयोगी पडत नाही. मग अधिक व्याजाने विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्थांकडे जावे लागते, किंवा नातेवाइकाचे शहरातील घर गहाण ठेवण्याची विनवणी करावी लागते. ज्याचे पत नसलेले उत्पन्न, त्यालाच महाग कर्ज, हा जुना ग्रामीण न्याय येथेही चुकत नाही.

उपाय जवळचेच

राज्य आणि केंद्र सरकारांनी करावयाच्या गोष्टी वर आल्याच आहेत : पदव्युत्तर विद्यावेतन संशोधनवृत्तीच्या प्रमाणात वाढविणे, विषयवार क्रमवारी मान्य करणे आणि विनातारण कर्जाच्या हमीची मर्यादा वाढविणे. पण सर्व काही दिल्ली-मुंबईवर सोपवून स्वस्थ बसण्याची या जिल्ह्याची परंपरा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याला पत नाही हीच अडचण होती. एकट्याची पत नसेल तर अनेकांची मिळून उभी राहते, हा त्या प्रयोगाचा अर्थ होता. पुढे १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळताच लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे ती उभी राहिली. सहकाराने पदवीपर्यंतची शिडी बांधली. तिच्या वरच्या दोन पायऱ्या बांधावयाच्या राहिल्या आहेत.

दहा लाख टन गाळप करणाऱ्या एखाद्या कारखान्याने सभासदांच्या संमतीने टनामागे एक रुपया बाजूला काढला, तर हंगामाला दहा लाख रुपये जमतात. गेटद्वारे प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्याच्या विद्यावेतनात दरमहा सहा हजारांची भर घालावयाची ठरविल्यास एवढ्या रकमेत तेरा जणांची वर्षाची सोय होते. प्रत्येक महाविद्यालयात तिसऱ्या वर्षापासून गेटची तयारी आणि शिष्यवृत्तीच्या मुदती यांची माहिती देणारा एक जबाबदार प्राध्यापक नेमला, तर त्याला एवढाही खर्च नाही. आज ही माहिती विद्यार्थ्याला बहुधा परदेशी विद्यापीठांकडून दलाली घेणाऱ्या सल्लागाराकडून मिळते. आणि ज्या वाटेवर दलाली नाही, ती वाट तो सल्लागार का दाखवील?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सार्वजनिक पैशाने शिकलेला मुलगा परदेशातच राहिला, तर समाजाचे काय? आक्षेप रास्त आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर पाठविला जातो. संरक्षण संशोधन किंवा अवकाश संशोधन संघटनेत नव्याने लागणाऱ्या शास्त्रज्ञाचे मूळ वेतन ५६ हजार १०० रुपये आहे. महागाईभत्त्याने ते वाढते. तरीही ज्याला दरमहा ४१ हजारांचा हप्ता भरावयाचा आहे, त्याने मायदेशी परतून ही नोकरी पत्करावी असे सांगणे म्हणजे त्याच्या बापाची जमीन विकावयास सांगणे होय. तो परत येत नाही त्याचे कारण देशप्रेमाचा अभाव हे नसते. कर्ज डॉलरमध्ये कमावूनच फिटेल, हे असते. शिष्यवृत्ती घेणाऱ्यावर परतण्याची अट घालता येते आणि ती त्याला पाळताही येते. कर्जदारावर अशी अट घालण्याचा नैतिक अधिकार कोणालाच नाही.

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू या खेड्यात १९०८ साली जन्मलेले विष्णू माधव घाटगे जर्मनीत गोटिंगेन येथे लुडविग प्रांटल या आधुनिक वायुगतिकीच्या जनकापाशी शिकले आणि परत आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला काढलेल्या विमान कारखान्यात त्यांनी काम केले, १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकीचा विभाग सुरू केला आणि त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्यानंतर या देशात जे विमान घडले, त्याच्या मुळाशी त्या विभागातून शिकून गेलेल्या पिढ्या आहेत. खेड्यातून गोटिंगेनला जाण्याइतकीच गोटिंगेनहून परत येण्याची वाटही खुली असणे किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात यावे. नगर जिल्ह्यातील एखादी मुलगी उद्या त्या वाटेने निघाली, तर तिला जाताना पैसा कमी पडू नये आणि परतताना हप्ता आडवा येऊ नये, एवढी व्यवस्था या जिल्ह्याला आणि या राज्याला अवघड नाही. ती करावयाची की नाही, एवढेच ठरवावयाचे आहे.